पेवांचं गाव

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित अंश)



माझा भाचा इंग्लंडमध्ये नोकरी करतो. शहरातली घरभाडी परवडत नाहीत, म्हणून तो तिथल्या एका खेड्यात राहतो. मागच्या वर्षी आला तेव्हा त्यानं माझ्यासाठी त्या खेड्याच्या इतिहासाचं एक पुस्तक आणलं. पुस्तक कसलं, चाळीस पानांची चोपडीच. गावातल्या चर्चमध्ये ती विकायला ठेवलेली असते म्हणे.

मी बी.ए.पर्यंत शिकलेला माणूस. इंग्रजी वाचतो, पण शब्दकोश जवळ घेऊन. दोन रात्रींत चोपडी संपवली. गाव केवढं? शे-दोनशे उंबऱ्यांचं. पण त्याची किती नोंद! १०८६ साली तिथल्या राजानं साऱ्या मुलखाची मोजणी करवली, त्यात या गावाचे नांगर मोजलेले. १५३८पासून चर्चमध्ये बारशांची, लग्नांची आणि मर्तिकांची वही ठेवायचा हुकूम झाला, त्या वहीतली नावं. विहीर कुणी खणली, पूल कधी वाहून गेला, पिठाची चक्की कुणाची. आणि शेवटच्या पानावर पहिल्या महायुद्धात मेलेल्या गावकऱ्यांची यादी. त्यात शेतमजूर होता, घोड्यांची देखभाल करणारा पोरगा होता. मोठा माणूस एकही नव्हता.

भाचा जाताना म्हणाला, "मामू, आपल्याकडे असं काही आहे का हो?"

मी म्हटलं, "मिरजेवर पुष्कळ लिहिलंय." तसं ते खरंच आहे. मिरजेचा किल्ला, पटवर्धनांचं संस्थान, ख्वाजा शमना मीरासाहेबांचा दर्गा, त्या दर्ग्याच्या आवारात विसावलेले अब्दुल करीम खाँसाहेब, आमच्या गल्लीतले सतारमेकर. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळालं. पण भाचा म्हणाला, "मिरज नाही मामू. मिरज शहर झालं. मी खेड्याबद्दल विचारतोय. नाना जिथं कामाला जायचे ते."

नाना म्हणजे माझे अब्बा. आणि ते गाव म्हणजे हरिपूर.

सांगलीहून हरिपूरला जाणारा रस्ता माझ्या लहानपणी चिंचेच्या झाडांखालून जायचा. झाडं इतकी जुनी की दोन्ही बाजूंच्या फांद्या वर एकमेकींत गुंतलेल्या. वाटेत बागेतला गणपती लागतो. तो मागे टाकून पुढे गेलं की गाव सुरू होतं, आणि गाव संपतं तिथं नदी. तिथं वारणा येऊन कृष्णेला मिळते. कृष्णा महाबळेश्वराहून आलेली, वारणा सह्याद्रीच्या रानातून चांदोलीच्या बाजूनं आलेली. पावसाळ्याच्या तोंडाला उंचावर उभं राहून पाहिलं तर दोन पाण्यांचे रंग थोडा वेळ वेगळे दिसतात, मग कुठलं कुणाचं ते कळत नाही. काठावर संगमेश्वराचं देऊळ आहे. श्रावणातल्या सोमवारी तिथं जत्रा भरते. पलीकडच्या काठाला कोथळी. ते गाव शिरोळ तालुक्यातलं, म्हणजे जिल्हा कोल्हापूर. आता पूल उभा आहे. पूर्वी नावेत बसलं की दहा मिनिटांत जिल्हा बदलायचा.

हे झालं कुणालाही दिसणारं हरिपूर. पण अब्बांचं हरिपूर जमिनीखाली होतं.

आपण बोलताना सहज म्हणतो, गावात क्लासचं पेव फुटलंय, बँकांचं पेव फुटलंय. पेव म्हणजे काय, हे आजच्या पोरांना विचारून बघा. पेव म्हणजे धान्य साठवायचं जमिनीतलं कोठार. वरून तोंड लहान, एक माणूस उतरेल एवढं. खाली पोट मोठं, रांजणासारखं. वीस-पंचवीस फूट खोल. महाराष्ट्रात ज्वारीची पेवं गावोगाव होती. पण हरिपुरात आणि नदीपलीकडच्या सांगलवाडीत पेवं होती ती हळदीची.

सांगलीची हळदीची पेठ जुनी आणि नावाजलेली. आपल्या भागातली हळद तिथं येते, तशी कर्नाटकातली, आंध्र-तेलंगणातली, मराठवाड्यातलीही येते. शेतकरी हळद काढतो, शिजवतो, वाळवतो, घासून पॉलिश करतो आणि बाजारात आणतो. मोसमात सगळी एकदम येते, तेव्हा दर पडलेला असतो. व्यापाऱ्याला ती दर चढेपर्यंत ठेवायची असते, कधी वर्ष तर कधी त्याहून जास्त. गोदामात हळदीला कीड लागते, हवेतला ओलावा लागतो. मग कुणा शहाण्या माणसानं हरिपूरची माती पाहिली. ती घट्ट आणि चिवट, खणली तरी ढासळत नाही, खालून पाणी झिरपू देत नाही. त्या माणसाचं नाव कुठं लिहिलेलं मी पाहिलेलं नाही.

पेव भरायचं एक शास्त्र होतं. आधी आतून साफ करायचं, शेणानं लिंपायचं, वाळू द्यायचं. मग तळाला आणि कडेला उसाच्या पाचटाचा आणि वैरणीचा जाड थर द्यायचा, म्हणजे हळद मातीला टेकत नाही. त्यात शेकडो पोती हळद ओतायची. वर पुन्हा पाचट, त्यावर फरशी, फरशीवर माती. झालं. तिथं काही पुरलंय हे परक्याला कळायचंही नाही. आत हवा जात नाही, म्हणून किडा जगत नाही. वर्षा-दोन वर्षांनी तोंड उघडलं तर हळद जशीच्या तशी, रंगाला उलट खुललेली. वीज नाही, औषध नाही, थंड हवेचं यंत्र नाही.

पण ज्या कारणानं किडा जगत नाही, त्याच कारणानं माणूसही जगत नाही. आतल्या हवेतला प्राणवायू संपलेला असतो आणि जड, विषारी हवा तळाशी बसलेली असते. म्हणून पेव उघडलं की लगेच उतरायचं नाही, बराच वेळ तोंड उघडं ठेवायचं. मग दोरीला कंदील बांधून खाली सोडायचा. कंदील जळत राहिला तर माणूस उतरेल. विझला तर थांबायचं.

अब्बा कंदिलानंतर उतरणारा माणूस होते.

ते हळदीच्या टोळीत हमाल होते. पहाटे मिरजेहून सायकलनं निघायचे, संध्याकाळी यायचे ते पिवळे होऊन. केस पिवळे, पापण्या पिवळ्या, नखं तर कायमचीच पिवळी. गंजीफ्रॉक कितीही धुतला तरी पाणी पिवळंच निघायचं. आमच्याकडेही लग्नात हळद लागते. अम्मी थट्टेनं म्हणायची, "दुनिया के दूल्हे को एक बार हल्दी लगती, मेरे दूल्हे को रोज लगती." अब्बा हसायचे आणि खोकायचे.

१९८१ सालची गोष्ट. मी तेव्हा बारा वर्षांचा होतो. एका व्यापाऱ्याचं पेव उघडलं होतं. मालमोटार येऊन उभी होती, दर चढला होता, घाई होती. कंदील खाली सोडला. तो विझला नाही, पण ज्योत बारीक झाली. कुणीतरी म्हणालं, वाऱ्यानं झाली असेल. अब्बांनी कमरेला दोर बांधला आणि उतरले. वरून मुकादमांनी हाक मारली, तिला 'ओ' आली. दुसऱ्या हाकेला काहीच आलं नाही. मुकादमांनी तिसरी हाक मारली नाही. चौघांना हाताशी घेऊन दोर ओढला. अब्बांना वर काढून झाडाखाली निजवलं, तोंडावर पाणी मारलं. काही वेळानं त्यांनी डोळे उघडले.

मुकादमांनी तिसऱ्या हाकेत वेळ घालवला असता, तर आज मी वेगळं काही सांगत असतो.

अब्बा वाचले, पण छातीत काहीतरी बिघडलं ते बिघडलंच. तीन-चार महिने कामावर जाता आलं नाही. हमालाला बसून पगार कसला? उधारी चढली. आणि नेमका तेव्हाच आपाला एक मागणं आलं. आपा म्हणजे माझी थोरली बहीण, वय सतरा. मुलगा नव्हता, माणूस होता. शेचाळीस वर्षांचा, बायको वारलेली, दोन दुकानं. लग्नाचा सगळा खर्च तो करणार होता आणि अब्बांची उधारीही फेडणार होता. मुलीच्या लग्नाचं वय कायद्यानं १९७८ सालीच अठरा झालं होतं, पण आमच्या गल्लीत तो कायदा कुणाला माहीत होता, आणि माहीत असता तरी विचारणार कोण? अम्मी रडायची आणि म्हणायची, पोरीचं नशीब. आपा काहीच म्हणत नव्हती. ती भाकऱ्या करायची आणि मला वाढायची.

इथं मला थोडं थांबून हरिपूरच्या दुसऱ्या एका माणसाबद्दल सांगितलं पाहिजे.

गोविंद बल्लाळ देवल. जन्म १८५५, हरिपूर. बेळगावला शाळेत असताना अण्णासाहेब किर्लोस्कर त्यांना शिक्षक म्हणून लाभले आणि पुढे नाटकातले गुरूही तेच झाले. सांगली म्हणजे नाट्यपंढरी. १८४३ साली विष्णुदास भावे यांनी 'सीता स्वयंवर' केलं ते सांगलीत. त्या पंढरीच्या वेशीवरच्या खेड्यात देवल जन्मले. त्यांनी सात नाटकं लिहिली. 'मृच्छकटिक' संस्कृतावरून, 'झुंजारराव' शेक्सपिअरच्या ऑथेल्लोवरून, 'संशयकल्लोळ' परदेशी नाटकावरूनच. त्यांचं स्वतंत्र नाटक एकच, 'संगीत शारदा', १८९९ सालचं. पंचाहत्तरीचा भुजंगनाथ, त्याला बायको हवी कोवळी. आणि शारदेचा बाप कांचनभट, जो पैसे घेऊन मुलगी द्यायला तयार होतो. हे नाटक देवलांनी हरिपूरच्या पारावर बसून लिहिलं, असं गावात सांगतात.

पुढे १९२९ साली बालविवाहाला बंदी करणारा कायदा आला. त्याला आपल्याकडे 'शारदा कायदा' म्हणत, आणि तो या नाटकावरूनच पडलेला शब्द आहे असं पुष्कळांना वाटतं. खरं म्हणजे ते विधेयक आणणारे अजमेरचे हरबिलास सारडा, त्यांच्या आडनावावरून ते नाव आलं. पण मराठी माणसानं सारडाचं शारदा केलं. तीस वर्षं ते नाटक त्याच्या कानात होतं, म्हणून हे घडलं असावं, असं मला वाटतं.

आणखी एक देवल सांगितलेच पाहिजेत, सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल. बावीस श्रुतींवर त्यांनी १९१० साली इंग्रजीत पुस्तक लिहिलं. श्रुतींच्या या कामात त्यांना अब्दुल करीम खाँसाहेबांच्या गळ्याची साथ मिळाली. इकडे हिशेब आणि तिकडे गळा. सांगली-मिरजेत अशी सोयरीक नवी नाही.

आता माझ्या घराकडे वळतो.

मुकादम अब्बांना बघायला येत. ते हरिपूरचेच. धोतर, टोपी, कपाळावर बुक्का. येताना पुडीत गूळ आणत. आम्ही त्यांना मामा म्हणायचो. अब्बांना जरा चालता येऊ लागलं तेव्हा मामा म्हणाले, "चल, संगमावर हवा खाऊन येऊ." मीही सायकलच्या दांडीवर बसून गेलो. पारावर बसल्यावर अब्बांनी त्यांना मागण्याची गोष्ट सांगितली. शेचाळीस वर्षं, दोन दुकानं, उधारी, सगळं.

मामा लगेच काही बोलले नाहीत. तंबाखू मळली. मग म्हणाले, "तू बसलाईस ना, त्याच पारावर बसून आमच्या गावच्या देवलमास्तरानं एक नाटक लिवलंया." आणि त्यांनी शारदेची सगळी कथा सांगितली. मामा शाळेत गेलेले नव्हते. पण नाटक त्यांनी बघितलं होतं, एकदा नाही, पुष्कळदा. भुजंगनाथाची नक्कल केली, कवळी सावरल्यासारखं केलं. मी पोट धरून हसलो. अब्बा हसले नाहीत. त्यांनी एकच विचारलं.

"वो बाप का नाम क्या बोले?"

"कांचनभट."

"पैसे लिया उसने?"

"घेतले की. मोजून घेतले."

परत येताना अब्बा काही बोलले नाहीत. रात्री जेवण झाल्यावर अम्मीनं विषय काढला. उद्या निरोप द्यायचा आहे, काय सांगायचं? अब्बा म्हणाले, "बोल देव, नईं. मैं कांचनभट नईं होता."

अम्मीला कांचनभट कोण ते ठाऊक नव्हतं. तिला वाटलं, आजारपणात भ्रम झाला. मी तिला सांगितलं. आपा चुलीपाशी बसून ऐकत होती. तिनं त्या रात्री मला विचारलं, "उस लड़की का क्या हुआ फिर?" मी सांगितलं, लग्न मोडतं आणि शारदा सुटते. ती म्हणाली, "अच्छा हुआ," आणि तवा घासायला घेतला.

उधारी फेडायला पुढे दोन वर्षं लागली. त्यातली काही रक्कम टोळीतल्या हमालांनीच आपसात गोळा केली होती, हे मला अब्बा गेल्यावर कळलं. अब्बा पुन्हा कामावर गेले, पण खाली उतरले नाहीत. वरच्या वर पोती शिवायचे. मला मात्र बजावून सांगितलं होतं, हरिपूरला संगमावर जायचं, जत्रेला जायचं, पेवापाशी यायचं नाही. मी बी.ए. झालो त्याचं मूळ त्या वाक्यात आहे. कविता मराठीत का लिहितो, असं मला पुष्कळ जण विचारतात. घरातली बोली दख्खनी, मग मराठी कशी? मी त्यांना काहीबाही उत्तर देतो. खरं उत्तर तो पार आहे. एका अक्षरशत्रू माणसानं माझ्या अब्बांना नाटक सांगितलं आणि आमच्या घरातला एक निर्णय फिरला. भाषेत एवढी ताकद असते हे मी बाराव्या वर्षी बघितलं.

मागच्या श्रावणात मी पुन्हा हरिपूरला गेलो. भाच्याच्या प्रश्नानं चैन पडत नव्हती. संगम तिथंच आहे, देऊळ आहे, जत्राही आहे. पेवं मात्र शोधावी लागतात. २००५चा महापूर आला तेव्हा पाणी पेवांत शिरलं. वर्षानुवर्षं कोरडी राहिलेली कोठारं भरली, माती सुटली, कितीतरी पेवं आतल्या हळदीसकट गेली. त्यानंतर व्यापारी गोदामांकडे आणि शीतगृहांकडे वळले. ते साहजिकच होतं. आणि पूर काही थांबला नाही. २०१९ला तर सांगलीच्या आयर्विन पुलापाशी पाणी सत्तावन्न फुटांच्या वर गेलं. २०२१ला पुन्हा आलं. जिथं पेवं होती तिथं आता बऱ्याच ठिकाणी घरं उभी आहेत. 'सांगलीची हळद' म्हणून २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं, ही आनंदाची गोष्ट आहे. ते ऐकायला अब्बा हवे होते, मामाही हवे होते.

एका घराच्या परड्यात मला एक जुनी फरशी दिसली. तिथल्या आजी म्हणाल्या, "पेव हाय त्ये. बुजवलंय. पोरं पडतील म्हून." मी म्हटलं, "माझे वडील यात उतरायचे." यातच उतरायचे की दुसऱ्या कशात, देव जाणे. आजींनी मला बसायला पोतं टाकलं आणि चहा दिला. विचारलं, "नाव काय वडलांचं?" मी सांगितलं. त्यांनी आठवून पाहिलं, मान हलवली. मग म्हणाल्या, "त्यावेळी सगळी पिवळीच असायची बाबा. कोण कुठला वळखू यायचं न्हाई."

घरी येऊन मी एक वही केली आहे. शंभर पानी, साधी. पहिल्या पानावर हरिपूर लिहिलं. देवलांबद्दल लिहायची गरज नाही, त्यांच्यावर ग्रंथ आहेत. मी लिहितोय ते पेव कसं खणायचे, पाचट किती घालायचे, कंदील किती वेळ ठेवायचा. आणि टोळीतली नावं. मला अकरा आठवली. बाकीच्यांसाठी मी आठवड्यातून एकदा हरिपूरला जातो. जुनी माणसं थोडीच उरली आहेत. मागच्या महिन्यात ज्यांच्याकडे दोनदा गेलो होतो, ते तिसऱ्या वेळी भेटले नाहीत.

म्हणून श्रोतेहो, तुमच्या गावात पेव असेल, घाणा असेल, चुन्याची भट्टी असेल, नदीवर नाव चालवणारं घर असेल, तर या रविवारी जाऊन विचारा. कोण काम करायचं, कसं करायचं, नाव काय. इंग्लंडमधल्या त्या खेड्यानं घोडे सांभाळणाऱ्या पोराचं नाव लिहून ठेवलं. आपल्याकडची माणसं त्याच्याहून हलकी नव्हती, फक्त आपण लिहायचा आळस केला.

आणि हो, ती चोपडी आणणारा भाचा, तो आपाचा मुलगा. आपाचं लग्न पुढे चार वर्षांनी झालं, एस.टी.त कंडक्टर असलेल्या, तिच्याहून तीन वर्षांनी मोठ्या माणसाशी. परवा तिला फोनवर वहीतलं वाचून दाखवलं. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मामांचा गूळ लिहायचा राहिला." तो आता लिहिला आहे.